बिल्ला काढून

शेजारच्या इंजिनिअरकाकांच्या खिशावर नेहमी एक पितळी बिल्ला असे. तो भूकंपाचा अभ्यास करणाऱ्या इंजिनिअरांच्या संस्थेचा होता. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून संस्थेचं मासिक ते कौतुकाने मला वाचायला देत. मला त्यातलं काही कळत नसे, तरी मी मान हलवत असे. बिल्ला लावला की काका कचेरीतली मराठी बोलत. "बिल्लो लायलो की ह्येंची मालवणी बंद," आई हसायची.

एकदा दूर कुठे झालेल्या भूकंपाचा धक्का मालवणातही जाणवला आणि आमच्या दारावरच्या चिऱ्यांत भेग पडली. आम्ही घराबाहेर, अंगणातल्या खळ्यात निजू लागलो. शेवटी आईने काकांना बोलावलं. त्यांनी भेगेवरून बोट फिरवलं, भिंतीवर टिचक्या मारल्या आणि म्हणाले, "पुरती तपासणी झाल्याशिवाय सभासदाने मत देऊ नये, असा संस्थेचा नियम आहे."

"संस्थेचा ऱ्हवांदे. तुमका काय वाटता, तां सांगा," आई म्हणाली. "पोरीक घेवन किती दिस भायर निजू?"

काका घुटमळले. मग त्यांनी बिल्ला काढून खिशात टाकला. "वयनी, भितर निजा. काय होवचा नाय."

आईने लगेच अंथरुणं आत नेली. मी मात्र उशी घेऊन खळ्यातच उभी राहिले. बिल्ला काढल्यामुळे त्यांना खरं बोलता आलं, की खरं बोलायचं नव्हतं म्हणून त्यांनी तो काढला? विचारावंसं वाटलं, पण मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी तो पुन्हा लावला होता.