उतारावरचा ट्रॅक्टर

आज ट्रॅक्टरला नवी बॅटरी बसवली. हाताला लागलेल्या डिझेलच्या वासाने मला पोशेऱ्याच्या त्या उतारावर नेलं.

जुना, सायलेन्सरमध्ये गांधीलमाश्यांनी घर केलेला ट्रॅक्टर मी जव्हारहून ओढून आणला होता. इंजिन खोलून जोडलं, पण बॅटरी मेलेली. उतारावरून सोडूनच तो सुरू करायचा होता. नाही झाला तर खालच्या खाचरात रुतणार.

माझा पाय ब्रेकवरून निघेना. मागून बायको म्हणाली, "सोडा. रुतला तर बैलांनी वर काढू, परत सोडू."

मी ब्रेक सोडला. अगदी बांधाशी इंजिन धडधडलं, काळा धूर आला. तेव्हा मला तो धूरच मोठा वाटला होता. आज तिचं ते 'परत' आठवतं.

आता तो किल्लीने सुरू होतो. तरी संध्याकाळी तिने विचारलंच, "उतारावर लावलात ना?"

लावला होता.