क्योतोची दुपार, कोल्हारची सकाळ

बन्सी साळवे कोल्हारात कांद्याचा टेम्पो चालवायचे. लेक अश्विनी नर्सिंग शिकून जपानला, क्योतोच्या एका वृद्धाश्रमात नोकरीला लागली, तेव्हा त्यांनी विहारात पेढे वाटले. "हजार वर्षं राजधानी हुती ती," भेटेल त्याला ते सांगत. "गल्लोगल्ली बुद्धाची देवळं हायती." अश्विनीला मात्र ती देवळं बसच्या खिडकीतूनच दिसायची. बाकी सगळा दिवस म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलण्यात जायचा.

ती गेली आणि वर्षाच्या आत बन्सींना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अश्विनीला रजा मिळाली नाही. मग ड्युटी सुटली की ती व्हिडिओ कॉल लावायची. तिकडचं घड्याळ साडेतीन तास पुढं. तिच्या मागं रस्त्यावरचे दिवे लागलेले असायचे आणि कोल्हारात दुपारचं ऊन. मोबाईल तांब्याला टेकवून तिची आई, बनुबाई, ती सांगेल तसं करायची.

"आई, ओढू नकोस. आधी गुडघा वाकव, मग खांद्याला धरून कुशीवर घे."

तरी पाठीला जखम झालीच. बनुबाई ती धुवायला लागली की बन्सी डोळे मिटून घ्यायचे.

थंडीतल्या एका सकाळी चहा पाजताना त्यांची मान कलली ती कललीच. धाकटा दीर रामहरी धावत आला.

"वहिनी, आशूला फोन लावा."

"आत्ता नको, भावजी. तिकडं जेवायची येळ आसंल. म्हाताऱ्यांना भरवत आसंल ती. सुटल्यावर करंलच फोन."

"आवो, पोरीला कळाय नको?"

"कळंल. तवर ऱ्हाऊ द्या तिला."

भावकी जमली. अंघोळ घालताना बनुबाईनं सवयीनं आधी त्यांचा गुडघाच वाकवला आणि मग तिला रडू फुटलं.

दुपारी फोन वाजला. अश्विनी बसस्टॉपवर उभी होती, गळ्याला मफलर. घरातली बायकांची गर्दी पाहून तिनं एवढंच विचारलं, "कधी?"

"सकाळी. च्या घेताना."

ती तिथंच खाली बसली. म्हणाली, "माझ्यासाठी थांबू नका. आणि मोबाईलवर काही दाखवू नका. मला तसं बघायचं नाही."

चार महिन्यांनी ती आली. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता हात थांबवून म्हणाली, "सकाळीच का नाही सांगितलंस? ऑफिसचा नंबर दिला होता मी."

"तू कामात हुतीस, बाळा."

"काम? त्या दिवशी एका आजोबांचा वाढदिवस होता. बाबा गेले तेव्हा मी कागदाची टोपी घालून टाळ्या वाजवत होते, आई. सगळ्या कोल्हारला माहीत होतं. मलाच नव्हतं."

लेकीला तेवढे तास तरी दुःखाशिवाय मिळावेत, एवढंच बनुबाईच्या मनात होतं. ते तिला बोलता आलं नाही. ताटं तशीच राहिली.

अश्विनी परत गेली. फोन अजून दुपारीच येतो, पण बोलणं थोडंच होतं. जेवलीस का, गोळी घेतलीस का, बस.

एकदा बनुबाईनं धीर करून विचारलं, "राग गेला का गं?"

"माहीत नाही, आई," अश्विनी म्हणाली. "तू फोन उचलत जा."