आक्काचं ठिपक्यांचं वाण

आक्का कोंबडा विकत नसे की कापत नसे, बदलून घेई. कोंबडा द्यायचा आणि कोंबडी आणायची. पण हा व्यवहार ती मुलीसाठी स्थळ बघावं तसा करी. आधी त्या घरी जाऊन टेकायचं आणि पाणी मागायचं. पाणी पिता पिता खुराड्याचं दार बघायचं, कुत्रं बांधलंय की मोकळं आहे ते बघायचं, घरच्या पोरांचे हात कुठे वळवळतात तेही बघायचं. पसंत पडलं तर म्हणे, "माझा गडी तुमच्यात द्यायचा म्हनते." नाही पडलं तर "पानी ग्वाड हाय बरं तुमचं," एवढं बोलून उठे. त्या घरच्यांना बिचाऱ्यांना आपण नापास झालो हे कळतही नसे.

ती आमची भोसरीतली घरमालकीण. गावातली जुनी माणसं. शेत कारखान्यांच्या वसाहतीत गेलं, तेव्हा राहत्या जागेतच मुलांनी पत्र्याच्या खोल्या काढून भाड्याने दिल्या. त्यातल्या शेवटच्या खोलीत आम्ही. मी लग्न होऊन बीडकडून आलेली, आणि आमचे हे एका वर्कशॉपात पत्रा कापायच्या प्रेसवर. खोल्यांच्या मागे आक्काचं परसू होतं. तिथे आठ-दहा कोंबड्या फिरत, सगळ्या काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या. ते वाण आक्काच्या आईचं. "शेत ग्येलं, बैलं ग्येली, माझ्या आईचं म्हनून ह्येवढंच ऱ्हायलंय," असं ती दाणे टाकताना म्हणे. बोलण्यात रडगाणं नसे, पण एखादं पिल्लू दिसेनासं झालं की ती जेवत नसे.

तिच्या घरात मांसमच्छी चाले, पण परसातलं काही कधी शिजलं नाही. "आपल्या हातचं दानं खाल्ल्यालं आपल्या ताटात न्हाई," हा तिचा कायदा. आता अंडी बसवली की निम्मे कोंबडे निघायचेच, आणि एका परसात त्यांची रोजची मारामारी. म्हणून ही अदलाबदल. पिल्लं जरा वाढली की ती नुसती चाल बघून सांगे, हा गडी, ही तलंग. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. तिची खूण मला मोठी गमतीची वाटे. "जवळ जा. तलंग आदी पळती. गडी आदी बघतो, मग पळतो." त्या खोलीत होतो तोवर यात ती कधी चुकलेली मी पाहिली नाही.

बदलून आणलेली कोंबडी पळून जाऊ नये म्हणून आक्का तिला चुलीभोवती फिरवी. मी नवी होते तेव्हा दुपारी दारात बसून एस.टी.च्या रस्त्याकडे बघत राहायची. ते पाहून ती म्हणाली, "तुलाबी फिरवाय पायजे हुतं गं चुलीभवती. माह्यारची वाट इसरली असतीस." मी हसले. त्या खोलीत आल्यापासून बहुधा पहिल्यांदाच.

परसाचा धनी होता जमादार. तांबडाभडक तुरा, आणि आवाज असा की पत्रा थरथरावा. त्याला पहाटेचं काही नव्हतं, दिवसभर आरवायचा. आमच्या ह्यांना रात्रपाळी लागली तेव्हा सुरुवातीला ते थट्टेने विचारत, "आक्का, तुमच्या जमादाराची शिफ्ट सुटते कधी?" मग एका सकाळी ते घरी आले ते उजव्या हाताची बोटं चोळत. प्रेसवर डुलकी लागली होती. शेजारच्याने वेळेवर हात ओढला म्हणून बोटं राहिली. ते थट्टा करेनात. "आपण खोली बदलू," एवढंच म्हणाले. मला नुकतं कुठे त्या जागेत माणूस मिळालं होतं. मी रडले, आणि पत्र्याच्या भिंतीपलीकडे ते ऐकू गेलं.

आक्काने जमादाराला पोत्याखाली झाकून पाहिलं. तो पोत्यातून आरवला. त्या संध्याकाळी, कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर, तिने त्याला अलगद उचललं. शेजारी एक ठिपक्यांची कोंबडीही टोपलीत घातली. "चल माझ्यासंगं मोशीला."

जमादार गेला तर परसात नुसत्या कोंबड्या उरणार, आणि आईचं वाण तिथेच संपणार, हे मला कळत होतं. वाटेत मी म्हणाले, "आक्का, आम्ही जातो दुसरीकडं. राहू द्या त्याला." ती थांबलीच. "तुझ्या नवऱ्याच्या बोटापरीस माझा कोंबडा मोठा हाय व्हय?"

मोशीला आक्काच्या ओळखीच्या एक बाई होत्या. त्यांच्याकडे पाणी पिऊन, खुराडा बघून झाला. मग आक्काने अट घातली. जमादाराला कापायचं नाही. आणि सोबतची ठिपकीण त्याची पाठराखीण. तिची अंडी जमली की ती आक्काकडे धाडायची. बदल्यात दोन तांबड्या कोंबड्या मिळाल्या. त्या बाईंनी जमादाराला चुलीभोवती फिरवलं, तेव्हा आक्काने तोंड फिरवलं.

आमचे हे झोपू लागले. परसात मात्र शांतता जड वाटे. आक्का रोज दाणे टाकताना मोशीच्या रस्त्याकडे बघे. शेवटी एके दिवशी कोंड्यात ठेवलेली अंडी आली. ती तांबड्या खुडूक कोंबडीखाली बसवली, आणि पिल्लं निघाली ती ठिपक्यांची! आक्काने सगळ्या खोल्यांतून हाका मारून आम्हाला गोळा केलं. "बघा, माझी आई आली," म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

पुढे आम्ही सांगवीत तुकडाभर जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या. निघताना आक्काने ठिपक्यांची तलंग दिली. तिला हळूहळू मोठा तुरा फुटला आणि एका सकाळी ती चक्क आरवली. आमचे हे अंथरुणातच हसत सुटले, "आक्का चुकली!" मी त्याला टोपलीत घालून बसने भोसरीला नेलं. आक्काने तुऱ्यावरून हात फिरवला. आधी पोट धरून हसली, मग पदर डोळ्याला लावला. "डोळं ग्येलं गं माझं." जरा वेळाने म्हणाली, "आता तूच निवड."

मी परसात गेले. पिल्लांजवळ गेल्यावर जी आधी पळाली, ती पकडून आणली. आक्काने तिला चाचपूनही पाहिलं नाही. चिंधीने पाय बांधले आणि टोपलीत ठेवली. आमच्याकडे चूल नव्हती, म्हणून मी तिला रॉकेलच्या स्टोव्हभोवती फिरवलं. ती राहिली, आणि अंडीही देऊ लागली.

आक्का गेली. परसाच्या जागी आता खोल्या आहेत. मोशीहून आणलेला, जमादाराच्या वंशातला एक कोंबडा आणि आक्काची ती कोंबडी, यांच्यावर माझं परसू भरलं. कोंबडे जास्त झाले तेव्हा पलीकडच्या गल्लीतल्या एक बाई आल्या. म्हणाल्या, "ताई, कोंबडा द्या की आम्हाला, कोंबडी देते."

मी पायात चपला घातल्या, त्यांच्या घरी जाऊन टेकले आणि पाणी मागितलं.