डॉक्युमेंटेशनमध्ये नसलेली ओळ

आमच्या सीमाभागातल्या माणसांना अख्खा अर्ज एका भाषेत भरवत नाही. नाव मराठीत लिहितील आणि पत्त्याचा रकाना आला, की कागदपत्रं कन्नडमध्ये आहेत म्हणून वरचं 'कन्नड' बटण दाबतील. मच्छे गावातल्या एका कारखान्यासाठी मी नोकरीच्या अर्जाची वेबसाइट करत होते. तिच्यात हे बटण दाबलं की आधी भरलेलं सगळं पुसलं जायचं. सोमवारी अर्ज सुरू व्हायचे होते आणि आदल्याच दिवशी निपाणीला आक्काचं डोहाळजेवण होतं. "काय बी कर, पर ये," असं तिनं बजावलं होतं.

आम्ही ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे वेबसाइट उभी करायच्या तयार सांगाड्यावर, काम करतो, त्याचं डॉक्युमेंटेशन मी उभं-आडवं वाचलं. बटणाचे कोपरे किती गोल करावेत यावर तिथं अख्खं पान आहे. भरलेला अर्ज कसा टिकवायचा यावर चकार शब्द नाही. मग बसले मीच कोड लिहीत. अकरा दिवस! एक रकाना टिकला की दुसरा पुसायचा. रविवारीही खासबागेतल्या ऑफिसात एकटीच होते. फोन पालथा घालून ठेवला होता.

सोमवारी सकाळी शेजारच्या खुर्चीवरचे सीनियर, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, चहा पीत माझ्या स्क्रीनकडे वाकले.

"एवढं कशाला लिवलीस गं? त्याला एक ओळ हाय की."

आणि त्यांनी ती टाइप करून दाखवली. माझा तीनशे ओळींचा पसारा काढून टाकला, तरी काही पुसलं जाईना.

"हे कुठं लिहिलंय?"

"कुटं बी न्हाय. लई वर्षांमागं त्येचा आतला कोड वाचताना घावलतं."

"मग सांगायचं न्हाय व्हय, अण्णा?"

"तू इचारलीस कुठं?"

संतापानं डोळ्यांत पाणी आलं. सोय करून ठेवायची आणि ती आहे हे कुणाला सांगायचं नाही, ही कुठली रीत? करणाऱ्यांनी लिहिलं नाही, ज्यांना सापडली त्यांनी सांगितलं नाही, आणि मी शहाणी, अकरा दिवस त्यांच्या शेजारी बसून तोंड उघडलं नाही. आपलं आपल्याला जमतंय ही घमेंड, दुसरं काय.

संध्याकाळी आक्काला फोन केला.

"शेवटच्या पंगतीपतूर तुझं ताट मांडूनच ठेवलतं," ती म्हणाली. "लई मोठं काम हुतं व्हय गं?"

"व्हय," म्हटलं. "लई मोठं."