तीन कोल्ड पॅक

मुलचेऱ्याच्या पुढे जंगलात आमच्या निमलष्करी दलाची पोस्ट होती. मी हवालदार, काम नर्सिंग असिस्टंटचं. त्याआधी तीन वर्षं बर्फात काढली होती. तिथे हातमोज्यांत ठेवायला छोट्या पुड्या मिळायच्या. पुडी उघडली की आतल्या लोखंडाच्या भुकटीला हवा लागायची, ती भराभर गंजायची आणि गंजताना गरम व्हायची. लोखंडाचं गंजणं ही उष्मादायी अभिक्रिया आहे हे मला शाळेत पटलं नव्हतं. बोटं वाचली तेव्हा पटलं.

इथे सगळा उलटा कारभार. एप्रिलपासूनच दुपारी टिनाच्या बराकीत बसवत नसे. औषधांच्या किटमध्ये गरम पुडीच्या जागी कोल्ड पॅक आले. जाड पिशवीत खतासारखे पांढरे दाणे आणि मधे पाण्याची लहान पिशवी. मुठीने जोरात दाबलं की आतली पिशवी फुटते आणि दाणे पाण्यात विरघळू लागतात. विरघळायला उष्णता लागते, ती ते आजूबाजूने ओढून घेतात. ही उष्माग्राही प्रक्रिया. पॅक पंधरा-वीस मिनिटं चांगला गार राहतो. मग त्याचं काम संपलं, तो दुसऱ्यांदा गार होत नाही. माझ्याकडे असे तीन होते. आणखी मागवले होते, आले नव्हते.

एप्रिलच्या शेवटी हुकूम आला की जवळच्या गावातल्या शाळेत जाऊन मुलांशी बोला. मला भाषण जमत नाही. म्हणून किट घेतलं आणि सोबत कॉन्स्टेबल देवानंद मेश्रामला घेतलं. देवानंद कुरखेड्याकडचा, धानाच्या बांधीत वाढलेला, सव्वीस वर्षांचा. त्याला गोंडी येत होती आणि गप्प बसणं येत नव्हतं. शाळेत विज्ञान शिकवायच्या त्या मडावी बाई. त्यांनी आठवी-नववीची मुलं एका खोलीत बसवली.

मी पहिला पॅक फोडला आणि पुढच्या रांगेत दिला. मुलं तो गालाला लावून हसायला लागली. दुसरा फोडला. तो मधल्या रांगांत फिरला आणि तिथेच कोमट झाला.

"भाऊ, अजून एक फोडा न," देवानंद म्हणाला. "मांगच्या पोरीयले हात लावाले भेटलाच नाई."

"आखरीचा हाय."

"नवा माल येईनच न. पाहा, कशा पाहून राह्यल्या त्या."

मी फोडला. किट माझ्या ताब्यात होतं, त्याच्या नाही. नाही म्हणायचं काम माझं होतं.

निघताना मडावी बाईंनी विचारलं, "सर, हे खतानं बी होते का?"

"युरियानं होते. इतकं नाई, पण होते."

पोस्टवर येऊन मी रजिस्टरमध्ये लिहिलं, तीन पॅक, प्रशिक्षणात खर्च. खरं सांगतो, त्या दिवशी मी खुशीत होतो.

बारा दिवसांनी सकाळी सहाला आमची गस्त निघाली. दहाला परतायचं होतं. साडेनऊला वायरलेसवर आदेश आला की पुढचा नाला तपासून या. नाला कोरडा होता. तोवर बहुतेकांच्या बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. देवानंदने आपलं अर्धं पाणी पहाडातून आलेल्या दोन नव्या जवानांना देऊन टाकलं होतं. मी रागावलो.

"मी इथलाच व्हय, भाऊ," तो म्हणाला. "मले ऊन लागत नाई."

या बाजूचा प्रत्येक जण हेच म्हणतो. मी मूल गावचा, मीही म्हणायचो.

अकरा चाळीसला तो वाट सोडून झाडीत शिरायला लागला. हाक मारली तर भलतंच बोलला. मग पडला. अंग तापलेल्या तव्यासारखं, घाम बंद. थर्मामीटरवर १०७. चालणाऱ्या माणसाच्या आत अन्नातली साखर ऑक्सिजनमध्ये जळत असते. तीही उष्मादायी अभिक्रियाच. ती उष्णता घाम बाहेर नेतो. घाम थांबला की उष्णता आत साठते आणि माणूस आतून शिजतो.

मी किट उघडलं आणि सवयीने डाव्या कप्प्यात हात घातला. कप्पा रिकामा होता. हे मला माहीत होतं, तरी हात गेला.

बूट काढले, बेल्ट, बुलेटप्रूफ जॅकेट काढलं. सगळ्यांचं मिळून दीड बाटली पाणी निघालं, ते अंगावर ओतलं आणि तेंदूच्या फांद्यांनी वारा घातला. प्लाटून कमांडर वायरलेस सेटवरून पोस्टला कळवत होते.

"वन कॅज्युअल्टी. हीट स्ट्रोक. गाडी पाठवा. ओव्हर."

"रस्ता सुरुंगांसाठी अजून तपासलेला नाही. दोन तास लागतील. पेशंटला गावात आणा. ओव्हर."

गाव चार किलोमीटर. ग्राउंडशीटची झोळी करून आम्ही त्याला आळीपाळीने नेलं. बारा पंचावन्नला पोहोचलो. मडावी बाईंनी आम्हाला येताना पाहिलं आणि काही न विचारता घरातून युरियाची अर्धी गोणी ओढत आणली. हापशी बराच वेळ नुसती खडखडली, मग पाण्याची बारीक धार लागली. किराण्याच्या पिशव्यांत युरिया आणि पाणी घालून आम्ही त्या बांधल्या. काखेत, जांघेत, मानेखाली ठेवल्या. पिशवी कोमट झाली की नवी. बाईंचे हात त्या पाण्याने पांढरे पडले होते.

दीड वाजता १०४.

"उतरून राह्यला न, सर?"

"उतरून राह्यला, बाई."

दोन वीसला गाडी आली. तोवर १०१ झाला होता. तीन वाजून पाच मिनिटांनी दवाखान्याच्या वाटेवर देवानंद गेला. त्याचा हात माझ्या हातात होता, आणि तो गार होता.

डॉक्टर म्हणाले, पहिला अर्धा तास महत्त्वाचा असतो, नंतर ताप उतरला तरी मेंदू उरत नाही. तीन पॅक असते तर तो जगला असता का, हे मी विचारलं नाही. चौकशी झाली. रजिस्टर पाहिलं, नोंद बरोबर होती. मला कुणी एक शब्द बोललं नाही. कुणी मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. नवे पॅक जूनमध्ये आले.

मी आता निवृत्त आहे. शाळांमध्ये बोलवतात तेव्हा दोन्ही अभिक्रिया शिकवतो. मुलं टाळ्या वाजवतात. मला त्या ऐकवत नाहीत.

देवानंदच्या आईला मी एकदाच भेटलो. कुरखेड्याजवळ घर आहे. पुढच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोशेजारी त्याचा वर्दीतला फोटो. आईंनी चहा दिला आणि समोर बसल्या. मग विचारलं, "भाऊ, तुमी त्याले गार केला म्हणतेत. आखरीले थंडक वाटली का त्याले? काही बोलला का?"

"वाटली, बाई," मी म्हणालो. "बरं वाटते म्हणाला."

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मान हलवली. कॉन्स्टेबल देवानंद मेश्राम अकरा चाळीसनंतर शुद्धीवर आलाच नव्हता.