पीण्याच्या प्रयोगशाळेत मी खोटं बोलले

बंगळूरला जायचं ठरलं ते माझ्या फुशारकीपायी. कीडाजडी म्हणजे किड्याच्या अंगातून उगवणारी औषधी बुरशी. तिचीच एक बहीण घरी तांदळावर वाढवता येते, हे मी मोबाइलवर बघून शिकले. शाळा सातवीपर्यंतची, पण लोणच्याच्या बरण्या उकळून-वाळवून जन्म गेला. म्हटलं, ज्या हाताचं लोणचं नासत नाही त्याला बुरशी काय जड? बियाणं कुरिअरने मागवलं, बरणीत तांदूळ घालून कुकरच्या शिट्ट्या काढल्या, आणि केशरी रंग धरल्यावर मिरजभर मिरवलं. वाळवून पूड केली. बंगळूरच्या बनशंकरीत राहणाऱ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, डबा पाठवला, शेजारीपाजारीही वाटली. मग कळलं की बंगळूरच्या एका लहानशा प्रयोगशाळेत ह्याच बुरशीवर संशोधन चालतं आणि आधी विचारून गेलं तर बघू देतात. ताजी बरणी साडीत गुंडाळून पिशवीत ठेवली. शास्त्रज्ञांनाही दाखवावं म्हटलं.

मिरजेहून दुपारची गाडी धरा, सकाळी यशवंतपूरला उतरा. पुढे मॅजेस्टिकपर्यंत, म्हणजे शहरातल्या मुख्य स्टेशनापर्यंत, जायची गरज नाही. इथेच हिरवी मेट्रो मिळते. एका बाजूला पीण्या, ती प्रयोगशाळा असलेली कारखान्यांची वस्ती, उलट बाजूला थेट बनशंकरी. स्टेशनबाहेर तट्टे इडली खा, ताटलीएवढी असते, दोनात दुपार निघते. पीण्यात उतरून मात्र रिक्षाच करा, रस्त्यांना नावं कमी आणि खड्डे फार.

"अज्जी, अल्ली बरी फॅक्टरी," रिक्षावाला म्हणाला. म्हणजे तिथे नुसते कारखाने. खरंच होतं. दोन्ही बाजूंना लेथ घरघरत होते, हवेला तेलाचा वास. अशाच दोन शेडांच्या मध्ये ती प्रयोगशाळा.

कल्याणी नावाची मूळची सोलापूरची संशोधक मुलगी आमची वाट बघत होती; आमची म्हणजे माझी आणि बरणीची. तिने चपला काढायला लावल्या, डोक्याला टोपी घातली. आत थंडगार खोली, फळ्यांवर ओळीने काचेच्या बरण्या, प्रत्येकीत बारीक केशरी बोटं वर आलेली. एका ट्रेमध्ये रामनगरकडून आणलेले, रेशमाचा धागा काढून उरलेले कोषातले किडे होते. शेंगदाण्याएवढं तपकिरी शरीर आणि त्यातून फुटलेले कोंब. बघून माझे हात आपोआप जोडले गेले.

"मग ह्याने काय काय बरं होतं गं?"

"तेच तर शोधतोय, मावशी. बशीतल्या पेशींवर गुण दिसतो, उंदरांवरही थोडा दिसलाय. माणसाच्या बाबतीत 'बरं होतं' म्हणायला आमची जीभ अजून वळत नाही."

मी ते कानाआड केलं आणि बरणी पुढे केली. तिने झाकण उघडलं नाही. उजेडाकडे धरून म्हणाली, "किती दिवसांत आली ही?"

"चार," मी ऐटीत सांगितलं.

"आमच्याकडे हे कोंब यायला दीड-दोन महिने लागतात."

मग तिने काचेच्या पेटीत बरणी उघडली, कणभर काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि मलाही डोळा लावायला दिला. मला सगळं सारखंच दिसलं. "शिळ्या पावावर, उकडलेल्या कणसावर येते ती केशरी बुरशी आहे ही. तुमचं बियाणं मागे पडलं, हिने घर बळकावलं. मध्येच झाकण उघडलं होतं का?"

दर बरणीचं उघडलं होतं. आळीतल्या बायकांना दाखवायला, दिवसातून तीनदा.

"कुणी खाल्लं नाही ना, मावशी?"

"छे गं, नुसती शोभेला ठेवली होती."

किती सहज निघालं तोंडातून. तिचा चेहरा हलका झाला, तिने चहा आणला. तो घोट घशाखाली उतरवताना मला माझीच लाज वाटली.

मेट्रोतून अख्खं शहर वरून दिसतं म्हणतात. तुम्ही बघा. मी पायाशी बघत बसले होते.

अक्का पन्नास वर्षांपूर्वी सून होऊन इथे आली, आता निम्मी कानडी झालीय. "बा सुमे, बा," असं कानडीत 'ये, ये' म्हणत तिने दार उघडलं. माझा डबा देवाजवळ ठेवला होता. बिसीबेळे भात वाढता वाढता म्हणाली, "तुझ्या पुडीने बरं वाटतंय बघ. शुगरची गोळी अर्धी केली मी."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"तूच सांगितलंस की फोनवर, ह्याने गोळ्या सुटतात म्हणून. तू काय परकी आहेस?"

मी घास खाली ठेवला. "अक्का, ते औषध नाही. पावावरची बुरशी आहे. सकाळी प्रयोगशाळेतल्या मुलीने सांगितलं."

"त्या मुलीला सांगितलंस, माझी बहीण खाते म्हणून?"

मी तिच्या ताटात आणखी भात वाढू लागले.

"लहानपणी दूध सांडलं की मांजरावर ढकलायचीस," अक्का म्हणाली. "इथे मांजरही नाही. लाव फोन."

लावला. सगळं सांगितलं. पलीकडून कल्याणी किती, कधीपासून, असं शांतपणे विचारत गेली. "ही बुरशी बहुधा फार अपाय करत नाही, पण बरणीत आणखी काय वाढलं असेल ते मला सांगता येणार नाही. पूड थांबवा आणि आजच डॉक्टरांकडे जा." रागावली असती तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी अक्काची साखर तपासली. चांगलीच चढली होती. डॉक्टरांनी गोळी पुन्हा पूर्ण केली, माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. वाटेत अक्काने माझा हात धरला. मी पडू नये म्हणून की ती, कोण जाणे.

जमलं तर ती प्रयोगशाळा जरूर बघा. धीर कशाला म्हणतात ते तिथे कळतं. मी तिथून धीर तेवढा सोडून बाकी सगळं शिकून आले होते.

मिरजेला पोचल्यावर दारोदार फिरून पुड्या परत मागितल्या. बहुतेकींनी हसून दिल्या, काहींनी अजून उघडल्याही नव्हत्या. शेवटचं घर जाधवकाकांचं. त्यांनी दम्यासाठी रोज नेमाने घेतली होती. मी ओसरीत उभी राहून सगळं सांगितलं, बहिणीचंही. त्यांनी उरलेली पुडी माझ्या हातात दिली.

"मग आता मी काय घेऊ, सुमनबाई?"

गेली कित्येक वर्षं आळीत कुणी असं विचारलं की माझं उत्तर तयार असायचं.

"मला माहीत नाही, काका," मी म्हटलं. "चप्पल घाला. डॉक्टरांना विचारू, आणि मी काय दिलं होतं ते त्यांना मीच सांगते."