अप्रेंटिसचा नारळ
झेंडू आणि मशीन थंड ठेवणारं कूलंट यांचा वास एकत्र आला की सातपूरच्या कारखान्यातला माझा पहिला दसरा आठवतो. सरकारी योजनेतून वर्षभरासाठी आलेली मी अप्रेंटिस; खंडेपूजेला जो तो आपापलं मशीन सजवत होता, माझं असं काहीच नव्हतं, म्हणून मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभी राहिले. मला लेथ मशीन चालवायला शिकवणारे निफाडचे काका शोधत आले आणि हातात नारळ देऊन म्हणाले, "तू वर्षापुरती हाय का कायमची, हे मशीनला काय ठाव? चालवती ना तू? मग फोड." त्या एका फटक्यात माझं परकेपण गेलं. पुढे मी तिथेच कायम झाले. आज माझ्या मशीनला हार घालून झालाय. यंदाची अप्रेंटिस मुलगी कुठे दिसत नाही, म्हणून नारळ घेऊन मी टाकीकडे निघालेय.